न्यूकी (कॉर्नवॉल): आईबाबा, मुलं आणि लाटा. जावं का?

सातारी_कंदी
राम राम मंडळी,

आईबाबा सध्या साताऱ्याहून आमच्याकडे रेडिंगला आलेत. ऑगस्टअखेरीस सगळ्यांनी मिळून कॉर्नवॉलला जायचं घाटतंय. थोरला तेरा वर्षांचा. लाटांवर उभी राहणारी पोरं यूट्यूबवर बघून त्याने 'न्यूकीच' असा धोशा लावलाय. धाकटीला फक्त वाळू हवी. बाबा रोज अजिंक्यतारा चढून उतरणारे. त्यांना नुसतं खुर्चीत बसवलं तर दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट मागतील. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात, आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

ऑफिसातले गोरे म्हणतात, न्यूकी म्हणजे दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांचं गाव, त्यापेक्षा सेंट आयव्हजला जा. खरं काय? पोराला सर्फिंग शिकवायचं तर कुठल्या बीचवर, कड्यावरच्या वाटा बाबांना झेपतील का, आणि आईला त्यातलं काय बघता येईल? गाडी आपलीच आहे. जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

टवाळ कार्टा
तेरा वर्षांच्या पोराने काहीतरी मागितलं आणि ते फोन नव्हता? विचारता काय, निघा!

खडूस मामा
ऑगस्टात अजिबात जाऊ नका. अख्खा इंग्लंड त्याच आठवड्यात तिकडे लोटतो. राहायचे दर बघून तुमच्या बाबांना घेरी येईल. सप्टेंबरात जा. समुद्र तेव्हाच सर्वात कोमट असतो, लाटा चांगल्या, गर्दी ओसरलेली.

सातारी_कंदी
मामा, सप्टेंबरात शाळा असते हो. आठवडाभर दांडी मारली तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड. दोन पोरं गुणिले दोन पालक, झाले ३२०.

खडूस मामा
ऑगस्टच्या आणि सप्टेंबरच्या भाड्यातला फरक काढा, मग दंडाचं बोला. (गंमत करतोय. शाळा बुडवू नका.)

निळाई
कंदी, पोराच्या बाबतीत मी सांगते. सगळे 'फिस्ट्रल, फिस्ट्रल' करतात, कारण मोठ्या स्पर्धा तिथे होतात आणि फोटो तिथलेच असतात. पण फिस्ट्रल पश्चिमेकडे तोंड करून उघडा पडलाय, अटलांटिकची लाट थेट अंगावर येते. बेताच्या लाटांच्या दिवशी तिथेही शिकवण्या चालतात. समुद्र खवळलेला असेल तेव्हा मात्र शिकाऊ लोकांना गावालगतचे टोवन आणि ग्रेट वेस्टर्न हे बीच बरे. त्यांचं तोंड उत्तरेला, आणि टोवन हेडचा कडा आड येतो, त्यामुळे लाट दमून पोचते. चांगली शिकवणी तुम्हाला सकाळीच कळवते की आज इथे नाही, तिकडे या. तसं न कळवणाऱ्यांकडे जाऊ नका.

शिकवणी साधारण दोन-अडीच तासांची असते, बोर्ड आणि वेटसूट त्यातच. बोर्ड मऊ फोमचा, पोरापेक्षा बराच लांब. पहिला बराच वेळ वाळूवरच जातो: पालथं पडायचं, हात बरगड्यांजवळ टेकायचे, एका झटक्यात पाय खाली घ्यायचे. मग कंबरभर पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर तेच. मागे हिरवीगार उभी लाट दिसते, तिच्याकडे पहिल्या दिवशी बघायचंसुद्धा नाही. पोराला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर यूट्यूब बघून आलेली मुलं फेसात खेळायला तयार नसतात.

वेटसूट ऑगस्टातही लागतोच. पाणी सोळा-सतरा अंश. तो ओला असताना पायातून सोलून काढणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे.

भटकी जमात
यासाठी इतक्या लांब कशाला? गोव्यात आश्वे-मांद्र्याला शिकवतात, कर्नाटकात मुल्कीला शिकवतात. पाणीही गरम, वेटसूटची भानगड नाही.

टवाळ कार्टा
@भटकी जमात, ते रेडिंगला राहतात. मुल्कीपेक्षा न्यूकी जवळ पडतं त्यांना. नकाशा बघा एकदा.

ट्रुरोकर
धागा आता दिसला. इथे ट्रुरोला रुग्णालयात नोकरी, न्यूकी शेजारचंच गाव, म्हणून चार गोष्टी.

आधी ते दारूचं. कधीकाळी ते खरं होतं. शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्या की पोरांच्या झुंडी यायच्या, लग्नाआधीच्या पार्ट्या व्हायच्या. २००९ साली रात्री कड्यावरून पडून तरुण मुलं गेली, तेव्हा गाव हादरलं आणि पोलीस, कौन्सिल, हॉटेलवाले एकत्र आले. मॅनकिनी (पुरुषांची बिकिनी) घालून रस्त्यात हिंडायला बंदी आणली त्याची बातमी देशभर गाजली होती. आता शनिवारी रात्री मधल्या रस्त्यावर गडबड असते, पण तेवढीच. तुम्ही तिथे झोपायला जाणार नाही आहात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बोर्डमास्टर्स नावाचा संगीत आणि सर्फिंगचा महोत्सव असतो, तो टाळा म्हणजे झालं.

खुद्द गाव सुंदर नाही, हे मान्य. १८७६ ला रेल्वे आली, मग कड्यांवर हॉटेलं उभी राहिली, पुढे स्वस्त बी-अँड-बी आणि गेम-पार्लर. सेंट आयव्हज दिसायला दसपट देखणं आहे. पण तिथल्या बोळांत गाडी घालायची, पार्किंग शोधायचं, आणि आईला घेऊन तो चढ चढायचा? न्यूकीला समुद्र गावाच्या तिन्ही अंगांना आहे, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी थेट पाण्याजवळ जाते.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक. इथे सगळा दिवस त्यावर ठरतो. ओहोटीला टोवन, ग्रेट वेस्टर्न, टोलकार्न आणि लस्टी ग्लेझ हे चारही बीच मिळून एकच लांबलचक वाळू होते. लोक आईस्क्रीम खात खात या टोकापासून त्या टोकाला जातात. भरती लागली की पाणी आधी कड्यांच्या सोंडांशी चढतं, मधली वाळू अजून कोरडीच असते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग परतीची वाट बंद आणि पाठीला उभा कडा. लस्टी ग्लेझला वर यायला पायऱ्या आहेत, पण शंभराहून जास्त. आईंना तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी पोर्थ, फिस्ट्रल किंवा वॉटरगेट बे. तिन्हीकडे गाडीतळापासून वाळूपर्यंत फार चढउतार नाही.

मालवणी_मास्तर
व्हय महाराजा! भरतीचा विषय निघालो म्हणजे माका बोलूचाच लागतला.

आमच्याकडे तोंडी हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा हिशेब घेऊन तिकडे गेलात तर फसाल. भरतीचा लोंढा प्रत्येक किनाऱ्यावर आपापल्या वेळेला पोचतो. न्यूकीला जवळजवळ उलटं आहे: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमारास, आणि भर दुपारी कडकडीत ओहोटी. अष्टमीच्या आसपास दुपारी भरती. म्हणजे नारळी पौर्णिमा झाल्यावर लगेच गेलात तर दुपारभर धाकटीला वाळूच वाळू, पण संध्याकाळी पाणी जोरात वर येणार.

आणि किती वर! मालवणात पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. तिकडे उधाणाला सात मीटर. दुमजली घराएवढं. वेळ लागतो तोच, सव्वासहा तास. तेव्हा वेग किती असेल बघा.

सातारी_कंदी
मास्तर, हे बाबांना वाचून दाखवलं. कोष्टक बाजूला ठेवून ते आता पंचांग शोधताहेत.

डॉ. बोका
सर्फिंग-पोहण्याबद्दल इतकं लिहिलंत, झेंड्यांबद्दल कुणी बोलेना, म्हणून.

लाल-पिवळे दोन झेंडे दिसले की त्यांच्या मधेच पोहायचं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे झेंडे म्हणजे सर्फबोर्डवाल्यांची जागा, तिथे पोहायचं नाही. नुसता लाल म्हणजे पाण्यात पाऊल नाही. काठीवर नारिंगी कापडी पिशवी फडफडत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, त्या दिवशी फुगवायचे फ्लेमिंगो-मगरी गाडीतच ठेवा. समुद्र अगदी शांत दिसतो आणि पोर पाच मिनिटांत ठिपका होतं.

दुसरं, रिप. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती ही वाट. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून आपल्याकडची मंडळी नेमकी तीच 'शांत' जागा निवडून उतरतात. गणपतीपुळ्याला दरवर्षी तेच होतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमून बुडतो माणूस. पाय टेकत असतील तर चालत बाहेर या, नसतील तर किनाऱ्याला समांतर पोहा, हात वर करून ओरडा. बोर्ड असेल तर तो सोडायचा नाही, तोच तराफा.

जीवरक्षक आरएनएलआयचे असतात. ही संस्था १८२४ सालची, देणग्यांवर चालते. काठावरून कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, उडी मारायची नाही.

निळाई
+१ डॉक्टर. वाळूतल्या वीव्हर माशाबद्दलही सांगा ना. आमच्या पुतण्याला चावला तेव्हा वहिनींनी बर्फ लावला होता, आणखीच बोंबलला.

डॉ. बोका
चावत नाही, पाठीवरचा काटा टोचतो. ओहोटीला उथळ पाण्यात वाळूत बसलेला असतो. बर्फ अजिबात नाही. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास तरी ठेवायचा, विष उष्णतेने मोडतं. जीवरक्षकांकडे बादली तयारच असते. पाण्यात जाताना जुने कॅनव्हासचे बूट घातले की प्रश्नच मिटला.

मालवणी_मास्तर
शेंगाळ्याचो काटो लागलो तरी हाच उपाय करतत आमच्याकडे.

पाऊसवेडी
बाबांच्या पायाला काम देते मी.

नैऋत्य किनाऱ्याने एक वाट जाते, माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत ६३० मैल. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला तटरक्षक गस्त घालायचे, त्यांच्या पायांनी पडलेली. प्रत्येक खाच आणि घळ नजरेत यावी म्हणून ती कड्याच्या अगदी काठाने जाते. खुणेला ओकच्या फळाचं चित्र, ते दिसत राहिलं की रस्ता चुकत नाही. न्यूकी तिच्यावरच आहे.

पहिल्या दिवशी हलकं: बंदरापासून निघा, ह्यूअर्स हट या जुन्या टेहळणीच्या झोपडीवरून टोवन हेडच्या टोकापर्यंत. टोकाच्या बाहेर क्रिबर नावाचा खडक आहे, हिवाळ्यात त्याच्यावर राक्षसी लाट उठते आणि मोजकीच माणसं तिच्यावर जातात. उन्हाळ्यात तिथे काही दिसत नाही, पण सील डोकं काढतात. तिथून फिस्ट्रलच्या मागच्या टेकाडांवरून ईस्ट पेंटायर. रमतगमत दोनेक तास. आईंना गाडीने ईस्ट पेंटायरच्या गाडीतळावर आणा. वर बाक आहेत, आणि एका बाजूला फिस्ट्रल, दुसऱ्या बाजूला गॅनेल खाडी दिसते.

ही गॅनेल बघाच. ओहोटीला नुसती वाळू आणि मधे पाण्याची एक चिरी, लोक कुत्री घेऊन पलीकडे क्रँटॉकला चालत जातात. भरतीला तिथेच खाडी तुडुंब आणि चालायचा छोटा पूलही पाण्याखाली. बाबांना पलीकडे सोडायचं असेल तर परत कधी आणि कुठून येणार ते ठरवूनच सोडा. हंगामात होडी असते, पण तिच्या वेळा त्या दिवशी बघायच्या.

क्रँटॉकच्या पुढे वेस्ट पेंटायरची शेतं, मग पॉली जोक नावाचा चिमुकला बीच, मग हॉलीवेल. जून-जुलैत वेस्ट पेंटायरची शेतं पॉपीने लाल आणि कॉर्न मॅरिगोल्डने पिवळी होतात. तुम्ही ऑगस्टअखेरीस जाताय म्हणजे ते हुकलं.

शेवटची_एसटी
सेवानिवृत्त काकांना एवढं चालवणार? कड्याला कठडा वगैरे आहे का काही?

पाऊसवेडी
कठडा नाही. गवत असतं आणि मग काही नसतं. वारा असेल तर आतल्या बाजूने चालायचं, काठाशी जाऊन फोटो काढायचा नाही, कारण खालून कडा पोखरलेला असू शकतो. पण चढ-उतार अजिंक्यताऱ्यापेक्षा सोपे. बाबा पुढे आणि कंदी मागे धापा टाकत, असंच होणार.

मालवणी_मास्तर
ते ह्यूअर्स हट पुढे ढकललंत पाऊसवेडीताई, तीच तर खरी बघायची जागा.

पांढरी, बुटकी, वर जायला बाहेरून पायऱ्या. तिथे एक माणूस दिवसभर समुद्रावर डोळे लावून बसायचा. तारलीचा थवा आला की पाण्याचा रंग बदलतो, वर पक्षी तुटून पडतात. ते दिसलं की हा कर्णा फुंकायचा, 'हेव्वा! हेव्वा!' ओरडायचा. अख्खं गाव होड्यांकडे धावायचं. थव्याच्या आत शिरलेल्या होड्यांना थवा दिसत नाही, म्हणून हा वरून दोन्ही हातांत काटेरी झुडपाच्या फांद्या धरून खुणा करायचा: डावीकडे, उजवीकडे, आता जाळं टाका. मासे मिठात दाबून पिंपांत भरून इटलीला जायचे. तिकडे उपासाच्या दिवसांत मटण चालत नाही, मासे चालतात.

आमची रापण अशीच. नजर काठावरल्याची, जाळं होडीतल्यांचं, आणि ओढायला सगळा वाडा. पुढे थवे येईनासे झाले आणि धंदा बसला. आमच्याकडेही काय वेगळं चाललंय?

शेवटची_एसटी
उपासाला मासे! आमच्या आजीला सांगतो.

ट्रुरोकर
त्या हाकेवरून इथे हेव्वा केक म्हणतात, मनुका घातलेला चपटा, बेकरीत मिळतो. कंदी, आईंना देण्याआधी विचारा, पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते.

पेस्टीचंही तसंच. 'कॉर्निश पेस्टी' या नावाला २०११ पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यात गोमांस, बटाटा, स्वीड (सलगमासारखा कंद) आणि कांदा हवाच, आणि मुरड बाजूने. चीज-कांद्याची वेगळी मिळते, पण वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो बहुधा. व्हीगन लिहिलेली घ्या, ती आईंना चालेल.

टवाळ कार्टा
थोडक्यात, ओव्हनमधली तिखट करंजी.

निळाई
आणि ती करंजी उघड्यावर खायची नाही! सीगल मागून येतो, आवाज नाही, सावली नाही, हातात फक्त कागद उरतो. भिंतीला पाठ लावून खायचं. त्यांना काठीने हाकलायला जाऊ नका, १९८१ च्या कायद्याने संरक्षित आहेत.

सातारी_कंदी
आई म्हणते, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ. पक्षी चटणी खाऊन बघू दे एकदा.

टवाळ कार्टा
सातारी चटणी खाल्लेला सीगल थेट न्यूकी विमानतळावरून अवकाशात जाईल. जानेवारी २०२३ मध्ये तिथून जंबोच्या पंखाखाली रॉकेट बांधून नेलं होतं, ते काही कक्षेत पोचलं नाही. याला जमेल.

खडूस मामा
गंमत पुरे. पाण्याच्या घाणीबद्दल कुणी बोलणार आहे का? जोराचा पाऊस झाला की गटाराचं पाणी समुद्रात सोडतात, हे या देशात उघड गुपित आहे.

निळाई
बरोबर आहे मामा. म्हणूनच तर 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज' ही संघटना १९९० साली जवळच्याच सेंट ॲग्नेसला सुरू झाली. लाटेवर जाणाऱ्यांच्याच नाकातोंडात ते जात होतं ना. त्यांचं ॲप आहे, कुठल्या बीचवर कधी सोडलं ते त्यात दिसतं. रात्री धो धो पडला तर सकाळचा सर्फ पुढे ढकला आणि कड्यावर चालायला जा.

भटकी जमात
राहायला एखादं छान घरच घ्या आठवड्यासाठी. समुद्र दिसणारं. तिकडे रिकामी घरं भाड्याने भरपूर मिळतात.

ट्रुरोकर
भरपूर मिळतात, आणि आमच्या वॉर्डातल्या नर्सना मिळत नाहीत. उन्हाळ्यात आठवड्याने भाडं येत असेल तर वर्षभराचा भाडेकरू कोण ठेवील? एप्रिल २०२५ पासून इथल्या कौन्सिलने दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावलाय. पाहुण्यांवर राग नाही, कंदी, तुम्ही जरूर या. पण हॉटेल किंवा कॅम्पसाइट घेतलीत तर मला जास्त बरं वाटेल.

भटकी जमात
पाहुणे आले नाहीत तर गाव खाणार काय?

ट्रुरोकर
पाहुणे हवेतच. त्यांना कॉफी देणारा पोरगाही गावातच कुठेतरी झोपायला हवा, इतकंच.

खडूस मामा
ट्रुरोकरांशी सहमत. नोंद करून ठेवा, मी कधी सहमत होत नाही.

सातारी_कंदी
सगळ्यांचे आभार मंडळी. आता असं ठरतंय: पोर्थच्या बाजूला, गावाच्या गोंगाटापासून दूर, आईला खोलीतून पायऱ्या न चढता बाहेर पडता येईल असं हॉटेल. पोराची शिकवणी दोन सकाळी. बाबांना टोवन हेड आणि गॅनेल. दोन शंका उरल्या. पोर्थहून बाबांना जवळच्या जवळ चालायला काही आहे का? आणि आईला एखादा 'वा!' म्हणण्यासारखा देखावा, फार न चालता?

पाऊसवेडी
पोर्थला लागूनच ट्रेव्हेल्ग हेड आहे. लोहयुगातला गढीवजा किल्ला, आत शिरताना मातीचे तट एकामागे एक, आणि टोकाचं बेट छोट्या पुलाने जोडलेलं. बुरूज-दरवाजे शोधू नका, गवताखालचे उंचवटे आहेत. पण सातारच्या माणसाला तट ओळखायला कोण शिकवणार? तिथून कड्यावरून वॉटरगेट बेपर्यंत वाट जाते, खाली दोन मैल सलग वाळू. तुम्ही गाडी घेऊन पलीकडे थांबा.

आईंसाठी बेड्रथन स्टेप्स. गाडीने जा, कार्न्यूअसला नॅशनल ट्रस्टचा गाडीतळ आणि चहाची खोली आहे, तिथून थोडंसं चाललं की खाली समुद्रात उभे असलेले प्रचंड खडक. ओहोटीला गेलात तर ते वाळूत उभे दिसतात, भरतीला भोवती फेस. खाली उतरायच्या पायऱ्या दरड कोसळल्यामुळे बंद केलेल्या आहेत, तेव्हा बाबांना खुणावू नका. वरून बघणंच उत्तम.

शेवटची_एसटी
आणि तिथल्या चहाबरोबर स्कोन घेतलात तर आधी जॅम, मग क्लॉटेड क्रीम. डेव्हनमध्ये उलट. चुकीचं लावलंत तर शेजारच्या टेबलावरून बघतात.

डॉ. बोका
आईंच्या गुडघ्यांची आणि बीपीची औषधं दोन दिवसांची जास्त ठेवा. आणि लक्षात असू द्या, न्यूकीत अपघात विभाग नाही, तो ट्रुरोला.

ट्रुरोकर
हो, पण तिथे भेट नको. चहाला घरी या.

सातारी_कंदी
नक्की! शेवटचं, रेडिंगहून ए३०३ ने जावं की एम४-एम५ ने?

शेवटची_एसटी
ए३०३. वाटेत स्टोनहेंज दिसतं, मुलं खूश.

खडूस मामा
म्हणूनच जाऊ नका. प्रत्येक गाडी तिथे हळू करून बघते, रांग मैलभर. एम५ ने जा, आणि पहाटे पाचला निघा.

शेवटची_एसटी
एम५ ला ब्रिस्टलपाशी ऑगस्टातल्या शनिवारी काय होतं ते माहीत आहे का मामा तुम्हाला?

खडूस मामा
म्हणून तर पाच म्हणालो.

टवाळ कार्टा
यावर वेगळा धागा काढा रे. आणि कंदी, शनिवारी कशाला निघताय, शुक्रवारी रात्री निघा, दशम्या आहेतच.